सह्याद्रीचा आराखडा वाडीतून सुरू व्हावा

साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या डोंगरी मुलखाचं पुढे काय करायचं हे सध्या ठरवलं जात आहे. राज्य सरकारने इथे ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं गिरिस्थान उभारायचं ठरवलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं. सुरुवातीला यादीत गावं थोडी होती. मग ती २३५ झाली, क्षेत्र सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर. पुढे त्यात आणखी २९४ गावं घालून आकडा ५२९ वर नेला गेला. म्हणजे सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांचा जवळजवळ सगळा डोंगरी भाग आला.

विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं की १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार त्या क्षेत्राचा विकास आराखडा करणं, कुठल्या जमिनीचा काय वापर हे ठरवणं, बांधकामाला परवानगी देणं, हे सगळं त्या संस्थेच्या हाती जातं. गावाच्या हाती उरते हरकत. ती ठरलेल्या मुदतीत लेखी द्यायची आणि सुनावणीला हजर राहायचं.

माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करायला हवा. आराखड्याची पहिली रेघ ग्रामसभेने मारावी, वरच्या संस्थांनी ती तपासावी, जोडावी, जिथे धोका दिसेल तिथे अडवावी. महामंडळाने रस्ते आणि पूल बांधावेत. त्याची इथे फार गरज आहे आणि ते काम त्याला येतं. पण गायरान कुठे राहील, देवराईची हद्द कुठवर, कुठल्या झऱ्यावर हॉटेल बसू द्यायचं नाही, हे ठरवणं रस्ते बांधणाऱ्या संस्थेचं काम नाही. हा आग्रह ग्रामस्वराज्याच्या भाबड्या प्रेमापोटी नाही. ज्या निसर्गाच्या नावाने हे गिरिस्थान विकलं जाणार आहे, तो इथल्या गावांच्या रोजच्या वागण्यातून टिकलेला आहे.

सड्याचंच बघा. घाटमाथ्यावरचे हे सपाट माथे म्हणजे खाली बेसॉल्ट आणि वर जांभ्याची टोपी. माती कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही. आठ महिने तिथे वाळलेलं गवत आणि काळाकरडा कातळ दिसतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी असते. ज्यातून धान्य निघत नाही ती खराब, असा त्या नोंदीचा साधा हिशेब. पण जूनमध्ये पाऊस लागला की याच खराब्यावर आधी पाणी साचतं, मग कंद फुटतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेंद, तेरडा, सोनकी, कावला, सीतेची आसवं यांचे पट्टे उमटतात. कीटक खाणारं दवबिंदू तिथेच उगवतं. शास्त्रीय नावातच साताऱ्याचा मान मिरवणारा वायतुराही तिथलाच. एकट्या कास पठारावर फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यात महाराष्ट्रातली चार होती, आणि त्यांपैकी कास पठार व कोयना अभयारण्य ही दोन याच मुलखातली.

फुलं दिसतात म्हणून त्यांचं कौतुक होतं. सड्याचं त्याहून मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. तो पाऊस झेलतो, जांभ्याच्या भेगांतून मुरवतो आणि उताराच्या पोटात सोडतो. खालच्या वाड्यांचे झरे आणि कुंडं त्यावर चालतात. सातारा शहराला कासच्या तलावाचं पाणी पिढ्यान् पिढ्या नुसत्या उतारावर वाहत येतं, पंप लागत नाही. सड्यावर काँक्रीट ओतलं की त्याचा हिशेब फुलांच्या संख्येत करून भागत नाही. खाली मार्च महिन्यात कुठल्या वाडीचं पाणी आटलं, तेही मोजावं लागतं. आणि हे त्या वाडीतल्या बायकांशिवाय कोणी नेमकं सांगू शकत नाही. कुठला झरा होळीपर्यंत टिकतो आणि कुठला अक्षय तृतीयेपर्यंत, याचा नकाशा कुठल्याही सरकारी कचेरीत नाही.

आता कासला काय घडलं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या म्हणण्याचा मोठा आधार तिथे आहे. पठाराला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि गर्दी लोटली. माणसं फुलांत बसून फोटो काढायची, गाड्या सड्यावर चढायच्या. वन विभागाने कास आणि शेजारच्या गावांच्या समितीला हाताशी घेऊन रोजच्या पर्यटकांवर ३,००० ची मर्यादा घातली, शुल्क लावलं, ऑनलाइन नोंदणी सुरू केली. गावातली पोरं वाटाडे झाली, राखण करू लागली, पार्किंग सांभाळू लागली. हे सगळं चांगलं झालं आणि ते गावांमुळे जमलं. पण सोबत कुंपणही आलं. लोखंडी जाळी लागली आणि गुरं आत यायची बंद झाली. काही वर्षांनी जाळीच्या आत उंच गवत माजू लागलं आणि फुलांचे गालिचे विरळ झाल्याची तक्रार सुरू झाली. स्थानिक लोक आधीपासून सांगत होते की गुरं फिरली, गवत खाल्लं गेलं, खुरांनी माती हलली, तरच बुटक्या फुलझाडांना ऊन मिळतं. पुढे अभ्यासकही चराईचा मुद्दा मांडू लागले. शेवटी जाळी काढावी लागली.

यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की गुरं कितीही सोडा, काही बिघडत नाही. किती गुरं, कुठल्या महिन्यात, कुठल्या कडेला, यावर सगळं अवलंबून आहे आणि त्याचा नीट अभ्यास हवाच. पण ज्याला आपण ‘नैसर्गिक’ म्हणून कुंपण घातलं, त्यात शतकानुशतकांची चराई मिसळलेली होती. गवळी-धनगरांचे वाडे सड्यांच्या कडेला उगाच नाहीत. दूधदुभत्यावर जगणारी ही माणसं पावसाळ्यात कुठे चारायचं, गवत कापणीला कुठला पट्टा राखायचा, हे ठरवून वागत आली. सड्याचं आजचं रूप घडवण्यात त्यांच्या म्हशींचा वाटा आहे. आराखड्यात मात्र त्यांचा वाडा ठिपक्याएवढाही दिसत नाही, कारण गावठाणाच्या नकाशात तो कधी नव्हताच.

देवराईचीही तीच गोष्ट. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शिकलेल्या जगाला कळलं की गावोगावच्या या देवाच्या रानांत असे वृक्ष आणि वेली उरल्या आहेत की ज्या आजूबाजूच्या उजाड डोंगरावर शोधून सापडत नाहीत. देवराई राखायला वनरक्षक नव्हता. पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, न्यायचं तर देवळासाठीच, एवढा नियम होता आणि तो मोडणाऱ्याला गावकी बघून घेत असे. या रानातून झरा निघतो, त्या झऱ्यावर खाचरं पिकतात. देव, झाड, पाणी आणि भात ही इथली एकच व्यवस्था आहे आणि तिचा कारभार गावाच्या बैठकीत चालत आला आहे.

वारशाबद्दल बोलताना आपण किल्ल्यापाशी थांबतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; त्यांत प्रतापगड आहे. आनंदच झाला. पण प्रतापगडाचा तट जेवढा वारसा आहे, तेवढीच त्याच्या पायथ्याची वाटही आहे. पार गावच्या रामवरदायिनी देवीच्या अंगणातून, कोयनेवरच्या जुन्या दगडी पुलावरून माणसं आणि जनावरं कोकण आणि देश यांच्यामध्ये ये-जा करत होती. रडतोंडीचा घाट, पार घाट, वासोट्याकडच्या वाटा, त्यांवरचे वीरगळ, पाण्याची टाकी, वाटसरूंनी शेंदूर फासलेले दगड हे सगळं मिळून जावळी बनते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि १६५९ मध्ये अफझलखानाला याच रानात उतरायला भाग पाडलं, ते या वाटा आणि ही गावं जाणणाऱ्या माणसांच्या बळावर. किल्ल्याला संरक्षण आणि वाटेवर प्लॉटिंग, अशी फोड केली तर आपण त्या इतिहासातला लढणारा मुलूख पुसून टाकतो.

पश्चिम घाटाबद्दलचे जे दोन मोठे अहवाल झाले, त्यांच्याकडे या नजरेने पाहायला हवं. गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात संवेदनशील क्षेत्रांत नवी गिरिस्थानं नकोत असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि तितक्याच स्पष्टपणे हेही म्हटलं होतं की हद्दी आणि निर्बंध ग्रामसभांशी बोलून ठरवावेत. पहिलं वाक्य गाजलं, दुसरं दाबलं गेलं. गावोगाव अफवा पसरली की आता घराला खिळा ठोकायलाही दिल्लीची परवानगी लागणार. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. त्याने घाटाचे दोन भाग केले. माणसांनी वापरलेला, शेतीचा, वस्तीचा तो सांस्कृतिक भाग, उरलेला नैसर्गिक. नैसर्गिक भागातलं बहुतेक क्षेत्र, म्हणजे एकूण घाटाच्या सुमारे ३७ टक्के, संवेदनशील म्हणून राखायचं. उपग्रहाच्या चित्रावर अशी रेघ ओढता येते. पण कासचा सडा कुठल्या भागात? देवराई कुठल्या? ज्या उतारावर आजोबा कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून फिरती शेती, करून नाचणी-वरी पेरत होते आणि आज जिथे रान वाढलं आहे, तो उतार कुठल्या? या मुलखात असे दोन भाग वेगळे काढताच येत नाहीत, आणि म्हणून तो अहवाल जास्त ‘व्यवहारी’ ठरवला गेला तरी मला तो जमिनीपासून जास्त दूर वाटतो.

२०१४ ते २०२४ या काळात केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यात १७,३४० चौरस किलोमीटर आले. दहा वर्षं मसुदा, हरकत, मुदतवाढ, पुन्हा मसुदा. या दहा वर्षांत जमिनी विकल्या जात राहिल्या. एकीकडे केंद्राचा कागद याच डोंगरातल्या कित्येक गावांना संवेदनशील म्हणतो, दुसरीकडे राज्याचा कागद तिथे गिरिस्थानाची आखणी करतो. गावकऱ्याने कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा?

विश्वासाचा प्रश्न निघाला की या खोऱ्यात कोयना धरणाशिवाय बोलता येत नाही. १९६० च्या दशकात धरण पुरं झालं. भिंत १०३ मीटर उंच, मागे शिवसागर जलाशय. त्यातून निघणाऱ्या सुमारे १,९६० मेगावॅट विजेने महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले. जवळपास शंभर गावांना त्या पाण्याची झळ बसली. नदीकाठची भाताची खाचरं बुडाली, माणसं कुणी वर डोंगरात सरकली, कुणाला रायगड, सांगली, सोलापूरपर्यंत पाठवलं गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. धरणग्रस्तांच्या जमिनीचे दावे आजही पुरते मिटलेले नाहीत. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली त्या मागण्यांसाठी धरणे धरली गेली ती अलीकडच्या वर्षांतही. जलाशयाच्या काठावरच्या कित्येक वाड्यांनी राज्याला वीज दिली आणि स्वतः वर्षानुवर्षं रॉकेलवर काढली. मग १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. पुन्हा उठायची पाळी.

म्हणून इथला माणूस पर्यावरण म्हटलं की अंग चोरतो, आणि ‘विकास’ शब्दाने त्याला आशा वाटते. शहरात बसून त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याने दोनदा दुसऱ्यासाठी गाव सोडलं आहे, एकदा विजेसाठी आणि एकदा वाघासाठी. आता पर्यटकासाठी सोडावं लागेल का, असं तो विचारतो आहे. कांदाटी खोऱ्यातून आजारी माणसाला तापोळ्याला किंवा बामणोलीला आणायचं तर लाँचची वाट पाहावी लागते, वाऱ्या-पावसात लाँच सुटत नाही. अडलेल्या बाईला झोळीतून उतरवावं लागतं. तापोळा-आहिर पुलाची वाट लोकांनी किती वर्षं पाहिली! तो पूल हवाच. पण त्याच्या बातमीत लोकांच्या दवाखान्यापेक्षा पुलावरच्या पर्यटकांच्या गॅलरीचं वर्णन जास्त येतं, तेव्हा प्राधान्य कुणाचं हे कळून चुकतं.

जमिनीचं काय चाललं आहे? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वनकुसवडे, चाळकेवाडी या पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले, रस्त्यांमागून एजंट आले. सड्यावरची जमीन तेव्हा कवडीमोलाने गेली; पोटखराबाच तर होता. आता वेळ उतारांची आहे. २०२४ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातल्या झाडाणी गावातली सुमारे ६२० एकर जमीन एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आणि त्याच्या नातेवाइकांनी घेतल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. जिरायत जमिनीची कमाल मर्यादा आपल्या कायद्यात ५४ एकर आहे. आरोपाचा निकाल जो लागायचा तो लागेल. पण अख्ख्या गावाची जमीन गावाला पत्ता न लागता हातची जाण्याची भीती लोकांना आज खरी वाटते, ही गोष्टच पुरेशी आहे. गिरिस्थानाची नुसती घोषणा झाली तरी जमिनीचा भाव बदलतो, आणि घोषणेची बातमी सगळ्यांत शेवटी पोचते ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे.

‘गावं आणि निसर्ग एकत्र राखायचे हे बोलायला ठीक, प्रत्यक्षात जमत नाही,’ असं म्हणणारे भेटतात. ज्या इंग्रजांनी आपल्याला गिरिस्थान शिकवलं, त्यांच्या घरी काय आहे ते बघावं. इंग्लंडमधलं लेक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्यात आजही सुमारे ४० हजार माणसं राहतात, मेंढ्या पाळतात, दगडी बांध दुरुस्त करतात. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून निवडलं ते मेंढपाळीने घडवलेला मुलूख म्हणून. त्यांचंही एक दुखणं आहे आणि ते आपण आधीच ओळखलं पाहिजे: शहरी श्रीमंतांनी सुट्टीची घरं घेतल्यामुळे स्थानिक तरुणांना स्वतःच्या गावात घर परवडत नाही. निसर्ग राखला आणि गाव गमावलं, असंही होऊ शकतं. आपल्याकडे ते महाबळेश्वर-पाचगणीच्या आसपास सुरू झालेलंच आहे. २००१ मध्ये तो भाग पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरवला गेला, तरी अनधिकृत बांधकामांच्या बातम्या थांबल्या नाहीत. जुनं महाबळेश्वर सांभाळता आलं नाही म्हणून नवं काढायचं, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही.

मग आराखड्यात काय असावं? प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवाराची फेरी मारून आधी पाणी नोंदवावं: झरे, कुंडं, त्यांना पाणी पुरवणारा सड्याचा भाग. तो भाग बांधकामाला कायमचा बंद. मग देवराया, जुन्या घाटवाटा, वीरगळ, गायरान, गवळीवाडे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही सांगितलेली आहे; ती बहुतेक ठिकाणी एकदा भरून कपाटात गेली आहे, ती बाहेर काढावी आणि नियोजनाचा पाया म्हणून तिला कायद्याचं बळ द्यावं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचे दावे गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने मिळवून दाखवले. इथल्या गवळी-धनगरांना ७५ वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा मागितला जातो, तो गोळा करायला त्यांना सरकारने मदत करावी, त्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लावू नये. पर्यटन नको असं मी म्हणत नाही. गावातल्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी वाढवायला परवानगी सोपी हवी आणि वीस एकरांच्या रिसॉर्टला ती अवघड हवी. आज नेमकं उलट आहे: खोली वाढवणारा हेलपाटे घालतो, रिसॉर्टवाला आर्किटेक्ट आणि वकील घेऊन येतो.

उतारांचा प्रश्न मात्र ग्रामसभेवर सोडून चालणार नाही, आणि हे माझ्याच भूमिकेला घातलेलं बंधन आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळला. त्याच वेळी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. २०१४ मध्ये माळीण, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. अशा ठिकाणी भूवैज्ञानिकाचा शब्द शेवटचा हवा. कुठल्या उतारावर जेसीबी चालवायचा नाही हे त्याने सांगावं आणि सरपंचानेही ते मोडू नये. धोक्यातल्या वाड्यांना त्याच शिवारात, त्याच भावकीजवळ सुरक्षित जागा मिळावी. डोंगराचा पाय तोडून केलेल्या पर्यटन रस्त्याचा खर्च मोजताना खालच्या वाडीचा जीवही त्या अंदाजपत्रकात धरावा.

गावं साधुसंत नाहीत, हेही मान्य करून बोलू. मुंबईकर मंडळी वर्गणी काढतात, जुनं कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं शिखर उभं करतात आणि त्यासाठी देवराईतलेच दोन जुने वृक्ष जातात, असं होतं. जमीन विकणाराही बऱ्याचदा गावातलाच असतो. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, बुडालेला धंदा, कारणं खरी असतात. ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. बायका मागे बसतात, गवळीवाड्यापर्यंत दवंडीही पोचत नाही. हे सगळं ठाऊक असूनही मी ग्रामसभेच्याच बाजूने आहे, कारण तिथली चूक दिसते, तिला तोंडावर विरोध करता येतो आणि पुढच्या सभेत ती दुरुस्त करता येते. दूरच्या कचेरीत नकाशावर पडलेला रंग कुणी बदलला हे पाचशे गावांतल्या कुणालाही शोधता येत नाही. सभेत वाडीवार प्रतिनिधी, महिला सभेचा ठराव आधी आणि जमीन बिगरशेती करायची तर गावाला तीन महिने जाहीर सूचना, एवढं कायद्याने बांधून घेतलं तरी फरक पडेल.

एक अडचण उरते. ही गावं रिकामी आहेत. जावळी-पाटणची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत माथाडी म्हणून राबली. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. आज घरात म्हातारीकोतारी असतात, दाराला कुलपं असतात. सुनावणीची नोटीस पावसाळ्यात निघते तेव्हा ती वाचायला गावात कोणी नसतं. पण याच मुंबईकरांनी शाळांना खोल्या बांधून दिल्या, नळयोजना आणल्या, गावच्या मंडळाची बैठक नेमाने महिन्याला घेतली. संघटना त्यांना शिकवावी लागत नाही. चैत्र-वैशाखात जत्रेला सगळे घरी येतात, पालखी निघते, शिवेवरच्या देवांना नारळ दिला जातो, तेव्हा हिशेबाची बैठक होतेच. हरकतींची मुदत आणि सुनावण्या सरकारने त्या दिवसांत ठेवाव्यात, नकाशा मराठीत आणि गट नंबरासह देवळाच्या भिंतीवर लावावा. आणि सरकारने ठेवल्या नाहीत तर मंडळांनी या वर्षीच्या जत्रेतच ग्रामसभा बोलवावी, सड्यापासून नदीपर्यंत शिवार फिरून आपला नकाशा काढावा आणि ठरावासह महामंडळाच्या हाती द्यावा.